उष्णता जाते कुठे?



दोन-तीन महिन्यांपूर्वी आमच्या तोआ पायोहच्या घरी विजेच्या बिलापाठोपाठ एक रंगीत पत्रक येऊन पडले. जुना एसी आम्ही काढून नेतो, नवा बसवून देतो, आत्ता एक पैसा देऊ नका, पाच वर्षे बिलातूनच हप्ता जाईल, आणि बिल वाढणे तर सोडाच, उलट उतरेल! खाली बारीक अक्षरांत आठ ओळी होत्या. त्या मी भिंग घेऊन वाचल्या. (वयाचा दोष आहेच, पण बारीक अक्षरे वाचायची सवय आपल्याला महाराष्ट्रानेच लावली आहे. त्याबद्दल पुढे.)

त्याच रविवारी इंग्लंडमधून, रेडिंगहून, भाच्याचा फोन आला. "मामा, आमच्या वीज कंपनीनं हीट पंपाची ऑफर दिलीय. गॅसचा बॉयलर काढायचा, साडेसात हजार पौंड सरकार देणार, उरलेले आपण. घेऊ का?"

"अरे, मी विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरवर राहतो. घर गरम करायचं मला काय विचारतोस?"

"तुझ्या तर प्रत्येक खोलीत एक हीट पंप आहे की!"

त्याचे बरोबर होते. आपण ज्याला एसी म्हणतो तो हीट पंपच. दोघांनाही एकाच यंत्राची, जवळजवळ सारख्याच शब्दांत लिहिलेली ऑफर आली होती. फक्त यंत्राचे तोंड उलट दिशेला होते. म्हणून या वेळचे संपादकीय या विषयावर. आपल्यापैकी बरेच जण इंजिनियर आहेत, त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून गेले तरी चालेल.

आपल्या लहानपणचा तांब्याचा बंब आठवा. ढलप्या, शेणी, नारळाच्या शेंड्या घालायच्या. जळेल तितकी उष्णता. गिझर आला तरी हिशेब तोच राहिला: एक युनिट वीज घातली की फार तर एक युनिट उष्णता. हीट पंप उष्णता तयारच करत नाही. तो हमाल आहे. इथली उष्णता उचलून तिथे नेऊन टाकतो, आणि वीज ही त्याची हमाली. एका युनिटच्या हमालीत तो साधारण तीन, कधी चार युनिट उष्णता वाहतो. अट एकच. जिना जितका उंच तितकी हमाली जास्त. बाहेर बत्तीस अंश असताना खोली पंचवीसवर ठेवली तर जिना बेताचा. अठरावर ठेवून वर रजई घेतली तर तोच हमाल चार मजले चढतो. भाच्याकडे हेच उलटे. रेडिएटरमध्ये पंचेचाळीस अंशांचे पाणी पुरत असेल तर काम सोपे, पासष्टचे हवे असेल तर हमाल धापा टाकतो आणि बिल फुगते.

आता हमाल माल टाकतो कुठे?

तोआ पायोह या नावाचा अर्थ मोठी दलदल. 'तोआ' हॉकियन, 'पाया' मलय. १९६०च्या दशकात एचडीबीने दलदल भरून इथे पूर्णपणे स्वतः आखलेले पहिले उपनगर उभे केले, आणि आज एचडीबीचे मुख्यालयही इथेच आहे. लोरोंग ५ वरच्या ब्लॉक ५३ च्या गच्चीवरून परदेशी पाहुण्यांना हे नवे शहर दाखवत असत. १९७२ मध्ये राणी एलिझाबेथही येऊन गेल्या. त्या इमारती लांबलचक सज्जांच्या, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशा बांधल्या होत्या. त्यांच्या घरात एसी गृहीतच नव्हता. आणि त्याच काळात ली क्वान यू सरकारी कचेऱ्यांत एसी बसवत होते. एसीला ते विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी एक मानत, आणि तो नसता तर उष्ण कटिबंधात असे राष्ट्र उभे राहिले नसते असे त्यांचे मत होते. ते खोडून काढणे कठीण आहे. आपल्यापैकी प्रत्येकाची इथली नोकरी एसीखालीच चालते.

आमच्या जुन्या इमारतीत एसीचे बाहेरचे यंत्र पोलादी ब्रॅकेटवर, भिंतीला टांगलेले आहे. त्याची गरम हवा थेट शेजारच्या आँटींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत जाते. आँटी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात, घरात दोन पंखे. आम्ही पंधरा वर्षे शेजारी आहोत आणि हे मला त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांची लेक एकदा सहज बोलून गेली. रात्री आमची खोली पंचवीस अंशांवर येते, त्यातला काही भाग आँटींच्या खिडकीतून वसूल होतो. माझ्या कुठल्याही बिलात ही ओळ नाही.

गंमत पुढे आहे. त्या यंत्रापासून दहा फुटांवर आमची न्हाणी, आणि तिथे विजेचा गिझर. एका भिंतीआड हमाल फुकटची उष्णता रस्त्यावर ओततो आहे, आणि दुसऱ्या भिंतीआड मी तोच माल युनिटच्या दराने विकत घेतो आहे! ही उष्णता पाण्यात घालता येत नाही का? येते. हॉटेलांत, इस्पितळांत असे करतात. घरासाठी हीट पंपाचे पाणीतापकही मिळतात. पत्रकात तोही होता, 'वीज दोन तृतीयांशाने कमी' असे ठळक अक्षरांत. म्हणून मी कागद-पेन्सिल घेतली.

इथे नळाचे पाणीच अठ्ठावीस अंशांच्या आसपास असते. ते अडतीसवर न्यायचे. माणशी चाळीस लिटर, घरात चार माणसे. होतात रोजची पावणेदोन ते दोन युनिट. २०२३ ते २०२५ या काळात एसपी ग्रुपचा घरगुती दर जीएसटी सोडून सत्तावीस ते तीस सेंटांच्या दरम्यान राहिला. म्हणजे रोजचे पन्नास-पंचावन्न सेंट, महिन्याचे सोळा डॉलर. हीट पंपाने यातले दोन तृतीयांश वाचले तर महिन्याला अकरा डॉलर, वर्षाला एकशेतीस. यंत्र बसवून दोन हजारांना पडले असे धरा. पैसे फिटायला पंधरा वर्षे, आणि तोवर यंत्र भंगारात. टाकीतून रात्रभर वाया जाणारी उष्णता अजून धरलेलीच नाही. शिवाय ती टाकी ठेवायची कुठे? आमच्या स्वयंपाकघरात कणकेचा डबा ठेवायला जागा शोधावी लागते.

'दोन तृतीयांश' हे खोटे नव्हते. फक्त कशाचे दोन तृतीयांश ते सांगितले नव्हते.

एसीचा हिशेब वेगळा निघाला. जुना एसी रात्री सरासरी सहाशे वॅट घेत होता. मी आठवडाभर मीटर लावून मोजले, बायकोने मला वेड्यात काढले. नवा पाच टिकचा साडेतीनशेत भागवेल असे धरले तर आठ तासांत दोन युनिट, महिन्याला सतरा-अठरा डॉलर, वर्षाला दोनशे. हे परवडते. एनईएच्या २०१७च्या पाहणीत इथल्या घरगुती विजेचा जवळजवळ चौथा भाग एसीकडे जात होता, त्यामुळे हात घालायचा तर इथेच. आणि २०२४पासून सिंगापुरी नागरिक असलेल्या एचडीबी कुटुंबांना तीनशे डॉलरची क्लायमेट व्हाउचर्स मिळाली, २०२५मध्ये त्यात शंभरांची भर पडली. ती अशाच खरेदीसाठी आहेत. पत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता. हप्त्यांची बेरीज केली तर दुकानातल्या किमतीपेक्षा बरीच जास्त होत होती. आणि मधेच पुरवठादार बदलला तर उरलेली सगळी रक्कम एकदम भरायची, हे त्या आठ ओळींत होते.

इथे थोडे थांबून मागे वळू या. ज्यांनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातली वर्तमानपत्रे वाचली आहेत त्यांना दाभोळ आठवत असेल. राज्य वीज मंडळाने १९९३च्या अखेरीस एन्रॉनच्या कंपनीशी करार केला. वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्या. इंधन डॉलरच्या भावाने. वर्तमानपत्रांत आकडे येत होते ते मेगावॅटचे आणि गुंतवणुकीचे. पुण्याच्या 'प्रयास'मधल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे यांनी १९९५मध्येच कराराचे गणित मांडून दाखवले, की ही वीज ग्राहकाला आणि राज्याला झेपणार नाही. १९९९मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. गिरीश संत २०१२मध्ये अकाली गेले. दराचा फलक बाजूला ठेवून करार उघडायचा आणि जोखीम कोणाच्या गळ्यात घातली आहे ते पाहायचे, ही त्यांची शिकवण घरच्या हप्त्यालाही लागू पडते. माझ्या भिंगाचे दुसरे कारण ते.

वीज कंपन्या अमर नसतात हे सिंगापूरनेही पाहिले. २०१८च्या एप्रिलमध्ये जुरोंगपासून सुरुवात करून २०१९च्या मेपर्यंत सगळ्या बेटावर घरगुती वीज कोणाकडूनही घेण्याची मोकळीक मिळाली. आपल्यातल्या अनेकांनी ट्रेनमध्ये मोबाइलवर चार बटणे दाबून पुरवठादार बदलला आणि महिन्याला पंधरा-वीस डॉलर वाचवल्याचे पार्टीत सांगितले. मग २०२१च्या शरदात जगभर गॅस भडकला आणि आयस्विच, ओम यांसारख्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. दिवे गेले नाहीत, कारण ग्राहक मुकाट्याने एसपी ग्रुपकडे परतले. पण तेव्हा करार फक्त युनिटचा होता. भिंतीत पाइप, ब्रॅकेटवर यंत्र, पाच वर्षांची देखभाल आणि हमी हे सगळे त्याच कंपनीकडे असते तर?

आणि कंपनी भक्कम असली तरी प्रश्न संपत नाहीत. तेंगाह या नव्या उपनगरात एचडीबी आणि एसपी ग्रुपने केंद्रीय शीतकरण आणले. इमारतींच्या गच्चीवर मोठे चिलर, तिथून थंड पाणी पाइपांनी घराघरांत. खिडकीबाहेर लटकणारी यंत्रे नाहीत. तत्त्व म्हणून मला हे फार आवडते. मरीना बेला जमिनीखालून २००६पासून असेच चालते आहे. तेंगाहमध्ये तीस टक्क्यांपर्यंत बचतीची जाहिरात झाली, हजारो कुटुंबांनी घर ताब्यात येण्याआधीच नावे दिली, आणि २०२३मध्ये लोक राहायला आल्यावर छतालगतच्या पाइपांवर दव धरून पाणी गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. इन्सुलेशनमधल्या फटीतून दमट हवा शिरली की गार पाइपाला घाम फुटतो. शाळकरी विज्ञान. एखाद्याचा स्वतःचा एसी गळला तर तो दुसरा मेकॅनिक बोलावतो. इथे पाइपाच्या दुसऱ्या टोकाला एकच मालक. काम दुरुस्त झाले तरी ही विषमता राहतेच, आणि ती करारात आधीच लिहून घ्यायला हवी: किती दिवसांत दुरुस्ती, नाही झाली तर काय, सोडायचे तर कसे.

या सगळ्यांत सर्वांत यशस्वी 'वीज कंपनीची ऑफर' कोणती म्हणाल तर मी 'उजाला'चे नाव घेईन. २०१५पासून वीज कंपन्यांमार्फत एलईडी दिवे स्वस्तात वाटले गेले, सुरुवातीला अनेक ठिकाणी दहा रुपये देऊन, बाकी बिलातून; देशभरात छत्तीस कोटींवर दिवे गेले. माझ्या आईने महावितरणच्या रांगेत उभे राहून आणलेला दिवा अजून देवघरात चालतो. पण दिवा फिरवून बसवता येतो, हीट पंप नाही. इथे सगळे बसवणाऱ्याच्या हातावर असते. ब्रिटनमध्ये घरे उबदार करण्याच्या सरकारी योजनांत बाहेरून लावलेल्या इन्सुलेशनपैकी तब्बल अठ्ठ्याण्णव टक्के कामांत मोठे दोष आहेत, असा अहवाल तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये दिला. पैसा होता, हेतू चांगला होता, तपासणी नव्हती.

म्हणून भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला, "मोजायला आलेला माणूस किती वेळ होता?"

"पंधरा मिनिटं. वरच्या मजल्यावर गेलाच नाही."

"मग त्याला कसं कळलं किती किलोवॅटचं यंत्र लागेल?"

"घराच्या क्षेत्रफळावरून, म्हणाला."

प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते हे मोजल्याशिवाय हीट पंपाचा आकार ठरवणे म्हणजे उंची विचारून चष्म्याचा नंबर काढणे. शिवाय दराचे गणित. २०२५मध्ये तिथे वीज युनिटला पंचवीस पेन्सांच्या पुढेमागे, गॅस सहाच्या पुढेमागे. वीज चौपट महाग. बॉयलरमध्ये थोडा गॅस वाया जातो हे धरूनही हीट पंपाने वर्षभराच्या सरासरीत एकाला साडेतीनच्या वर उष्णता दिली तरच बिल उतरेल. ती मिळते, पण रेडिएटर मोठे करून, पाणी पंचेचाळीसवर ठेवून, आणि हीट पंपवाल्यांसाठी असलेला स्वस्त वेळांचा दर घेऊन. कोळसा आणि गॅस जाळणे कमी करायचे तर हे यंत्र हवेच, यात मला शंका नाही; मी त्याला परावृत्त करत नव्हतो. पण "पर्यावरणासाठी" म्हणून चुकीचे यंत्र बसवून घेतलेला माणूस पुढच्या दहा जणांना परावृत्त करतो.

आता आपल्या अंगणातले, थोडे अवघड. आपल्यापैकी बहुसंख्य इथे भाड्याने राहतात. यंत्र मालकाचे, बिल भाडेकरूचे. मग मालकाने पाच टिकचा एसी का घ्यावा? करारात मात्र कलम असते की दर तीन महिन्यांनी एसीची सफाई भाडेकरूने स्वखर्चाने करायची. परदेशी पासवर असलेल्या कुटुंबाला व्हाउचरही नाहीत. दोन वर्षांच्या भाडेकराराला पाच वर्षांचा हप्ता जोडता येत नाही. ज्यांची इथे स्वतःची घरे आहेत आणि जे ती आपल्याच लोकांना भाड्याने देतात (अशी मंडळी या यादीवर बरीच आहेत, मला माहीत आहे) त्यांनी आपला पंधरा वर्षांचा जुना एसी भाडेकरूच्या बिलावर चालतो आहे याचा विचार करावा. व्हाउचर तुमच्या नावावर पडून असतील.

आणि दुसरे. घरात पाच-सहा एसी, पण कामाला राहणाऱ्या बाईच्या खोलीत एकही नाही, हे आपल्या किती घरांत आहे? तिची खोली म्हणजे बहुधा घरातले आश्रयकक्ष: जाड काँक्रीट, लोखंडी दार, खिडकी नाही. मनुष्यबळ मंत्रालयाचा नियम वायुवीजनाचा आहे. वारा येत नसेल तर पंखा द्या. तेवढ्यावर कायदा संपतो. एका मैत्रिणीने आपल्या बाईंसाठी दार उघडे राहील आणि वर पडदा असेल अशी सोय करून, बैठकीतल्या एसीची हवा तिकडे जाईल असा छोटा पंखा लावला. खर्च चाळीस डॉलर. हे मी इथे लिहू नये असे तिला वाटत होते, कारण "त्यात काय एवढं".

आमच्या घरी शेवटी असे झाले. ऑफर घेतली नाही. व्हाउचर वापरून फक्त निजायच्या खोलीचा एसी रोख घेतला. बैठकीत डीसी पंखा. बसवणाऱ्याकडे बीसीएच्या प्रशिक्षणाचे कार्ड आहे का ते आधी पाहिले. त्याला गंजलेला जुना ब्रॅकेटच पुन्हा वापरायचा होता, कारण मुलाला आणायला शाळेत जायचे होते त्याला. नवा लावून घेतला. जुन्या यंत्रातला वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, पण काढला. बाहेरच्या यंत्रावर हवा वर वळवणारी पट्टी बसवली, तिचे साठ डॉलर वेगळे.

भाच्याने दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. तो तीन तास घरात होता, पोटमाळ्यावरही चढला. त्याचे म्हणणे, आधी पोटमाळ्याचे इन्सुलेशन करा, तीन रेडिएटर बदला, मग लहान यंत्र पुरेल. भाच्याची बायको म्हणते, निदान हा हिवाळा गॅसवरच काढू.

एसी सुरू केला त्या रात्री मी आँटींच्या दारात गेलो. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला, बराच वेळ तसाच धरला, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कॅन." आणि अर्धे तावदान उघडे ठेवून त्या निजायला गेल्या.